खाऊ नका म्हणणारा कोण?

(सांगलीच्या युवक शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या काही पोरांनी भिंतीवर एक सिनेमा लावला. जपानातलं तायजी नावाचं गाव. समुद्रात लोखंडी दांड्या ठोकून आवाज करायचा, डॉल्फिनचा कळप भेदरून खाडीत शिरला की जाळ्यानं तोंड बंद करायचं आणि मग मारायला सुरुवात. खाडीचं पाणी लाल. मी मागं सतरंजीवर बसलो होतो. अंधारात कुणीतरी म्हणालं, ‘काय रानटी लोक आहेत, च्यायला!’ आणि चारदोघांनी होकार भरला.

मला आज ‘आहार आणि आरोग्य’ हा विषय दिलाय. डाळीत किती प्रथिनं, अंड्यात किती, ते तुम्ही पुस्तकात वाचाल. मी त्या ‘रानटी’पासून सुरुवात करणार आहे. कारण हा शब्द मी आधी ऐकलेला आहे, माझ्या घराबद्दल. तुमच्या आज्या-पणज्यांबद्दलही तो बोलला गेला आहे. मुंबई-पुण्यात वाढलेल्या तुम्हाला तो माहीत नसेल तर ती तुमच्या आईबापांची मेहरबानी. त्यांनी तो तुमच्या कानापर्यंत येऊ दिला नाही.

सांगली-साताऱ्याला समुद्र नाही. आपल्याकडं देवमासा येतो तो पोलिसांच्या बातमीत, त्याच्या उलटीची तस्करी पकडली म्हणून. खायला कुणी आणत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं देवमासा आणि डॉल्फिन मारणं या देशात गुन्हा आहे. तो कायदा असावा, माझं काही म्हणणं नाही. तरी मी जपानची गोष्ट सांगणार आहे, कारण ती अर्धी आपली आहे.

जपानात इ.स. 675 मध्ये तेन्मू नावाच्या राजानं गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला मनाई केली. कुणाच्या नावानं? बुद्धाच्या. हे आपल्याला टोचलं पाहिजे, टोचू द्या. पुढं शेकडो वर्षं चार पायांचं मांस म्हणजे विटाळ अशी समजूत मुरत गेली. देवमासा मात्र चालायचा, कारण तो मासा धरला! लोक इतके हुशार की डोंगरातलं रानडुक्कर खायचं असलं तर त्याला ‘डोंगरातला देवमासा’ म्हणायचे. म्हणजे नाव बदललं की पाप संपलं. पण मेलेलं ढोर कुणीतरी ओढायला हवं, कातडं कुणीतरी काढायला हवं. ते करणाऱ्यांना म्हणायचे ‘एता’. अर्थ: घाणीनं भरलेले. वस्ती गावाबाहेर, लग्नं आपसात, धंदा बापाचा तोच पोराचा. काही ओळखीचं वाटतं का?

1871 साली सरकारनं हुकूम काढला की हा भेद संपला. 1872 साली खुद्द राजानं गाईचं मांस खाल्लं आणि ते जाहीर केलं, कारण युरोपच्या बरोबरीला यायचं होतं. झालं! मांस एका दिवसात शुद्ध झालं. कातडं काढणारा मात्र अशुद्धच राहिला. लग्न ठरवताना पोराचा मूळ पत्ता कुठला, हे हेर लावून शोधणारे लोक तिथं विसाव्या शतकातही होते. 1922 साली त्या लोकांनी क्योतोत आपली संघटना उभी केली, ‘सुइहेइशा’. आपलं महाड त्यानंतर पाच वर्षांनी. तेव्हा लक्षात ठेवा, विटाळ मांसात नसतो. असता तर राजाच्या घासाबरोबर सगळ्यांचाच गेला असता.

आता आरोग्याकडं येतो. कोळसा जळतो, कारखाने धूर सोडतात, त्यातला पारा हवेतून पाण्यात उतरतो. तिथले सूक्ष्म जीव त्याचं असं रूप करतात की ते अंगात शिरतं आणि लवकर निघत नाही. ते बारीक माशात जातं, बारकाला मोठा खातो, त्याला त्याहून मोठा. सगळ्यात वर दात असलेले देवमासे आणि डॉल्फिन. खालच्या सगळ्यांचा पारा त्यांच्या अंगात साठतो. हे मांस शिजवून, तळून, वाळवून काही उपयोग नाही, पारा जात नाही. पोटातल्या पोराच्या मेंदूला तो सगळ्यात जास्त नडतो. 1956 मध्ये जपानातल्याच मिनामाता गावात हा रोग उघड झाला. एका रासायनिक कारखान्याचं पाणी खाडीत जात होतं. कोळ्यांची पोरं वाकडी झाली, मांजरं नाचत नाचत समुद्रात पडली. मासे खाणारे गरीब, कारखाना गावाचा पोशिंदा. म्हणून आजाऱ्यांनाच गावानं दूर लोटलं. सरकारला ‘हो, कारखान्यामुळंच’ म्हणायला 1968 उजाडलं. बारा वर्षं! त्या बारा वर्षांत ते पाणी समुद्रात जातच राहिलं.

तायजीत 2007 मध्ये नगर परिषदेच्या दोन सदस्यांनी गावच्या दुकानातलं तसलं मांस तपासायला पाठवलं. पारा भरमसाट निघाला, आणि तेच मांस शाळेच्या जेवणात पोरांना दिलं जात होतं. दोघांनी आवाज उठवला. बाहेरून कॅमेरे घेऊन येऊन ‘रानटी’ म्हणणाऱ्यांपेक्षा मला हे दोघं मोठे वाटतात. त्यांना त्याच गावात राहायचं होतं.

आणखी वर उत्तरेला, नॉर्वे आणि आइसलंडच्या मधे फेरो नावाची बेटं आहेत. तिथं देवमाशाचा कळप किनाऱ्याला हाकलून मारतात आणि मांसाचे वाटे करून लोकांत वाटतात. शेकडो वर्षांची रीत. तिथल्याच डॉक्टरांनी 1986-87 साली जन्मलेल्या हजारभर पोरांचा माग ठेवला. आईच्या अंगात पारा जास्त, तर पोराची भाषा, लक्ष, स्मरण कमी. 2008 मध्ये बेटांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सांगितलं की हे मांस माणसानं आता खाऊ नये. विचार करा, हे सांगणाऱ्याला किती जड गेलं असेल. पारा त्यांनी सोडलेला नव्हता. कोळसा जाळला दुसऱ्यांनी, पैसा केला दुसऱ्यांनी आणि ताटातला घास सोडायचा यांनी. सगळ्यांनी सोडला नाही, अजून खातात. पण निदान खरं काय ते त्यांच्याच माणसानं त्यांच्या तोंडावर सांगितलं.

आता आपल्या घरी या.

माझी आजी खटाव तालुक्यातली. तिच्या लहानपणी गावात ढोर मेलं की येसकराला हाक यायची. महारवाड्यातून दोर घेऊन माणसं जायची, ढोर ओढत हाडकीवर आणायची. तिथं फाडायचं, वाटे घालायचे. बायका-पोरं पाट्या घेऊन उभी. वर झाडावर गिधाडं, खाली कुत्री, मधे आपण. जे त्या दिवशी संपायचं नाही त्याच्या चान्या करून दोरीवर वाळत घालायच्या. पावसाळ्यात दाणा नसायचा तेव्हा त्या चान्याच. आजी सांगताना लाजायची नाही. म्हणायची, ‘आरं, भूक लागल्यावर काय करनार? दगूड खावा?’ बेबीताई कांबळे, फलटणच्या, त्यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये हे सगळं न लपवता लिहून ठेवलं आहे. वाचा. नाक न मुरडता वाचा.

पण आजी आणखी एक गोष्ट सांगायची आणि ती सांगताना तिचा आवाज खाली जायचा. एक बैल असाच फुगलेला, नाकातून काळं रक्त आलेला. तिच्या थोरल्या भावानं तो फाडला. दोन-तीन दिवसांनी त्याच्या हातावर फोड आला, मधे काळा पडला. म्हणायचा, दुखत नाही. आठवड्यात माणूस गेला. ही काळपुळी. ज्या ढोराचं ती करते त्याला फाडायचंच नसतं, चुना टाकून खोल पुरायचं असतं, कारण उघड्यावर आलेल्या रक्तातून तिचं बीज मातीत पडतं आणि कित्येक दशकं जिवंत राहतं. कातडं काढणाऱ्याला फोड होतो. मांस पोटात गेलं तर फोडापेक्षा वाईट. मारलेलं जनावर आणि मेलेलं जनावर यांत फरक हाच. मेलेलं जनावर कशानं तरी मेलेलं असतं. गाव मालकाला दूर ठेवायचं आणि दोर आपल्या हातात द्यायचं. वर गावात चार गुरं एकदम मेली की पहिला संशय कुणावर? महारावर. मांसासाठी यानंच विष घातलं असणार. विष खाणारा तोच, आणि विष घातल्याचा आळही त्याच्यावरच!

आणि याला ‘हक्क’ म्हणत! मेलेल्या ढोरावरचा महाराचा हक्क, वतन. असा हक्क कुणा कुलकर्ण्यानं मागून घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बाबासाहेबांनी 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडच्या परिषदेत हे सोडायला सांगितलं. मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका. लोकांनी सोडलं. गावोगाव सोडलं, आणि मग गावोगाव मार खाल्ला. दाणागोटा बंद, पाणी बंद, रानातून चालायची वाट बंद. आपल्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊंनी ‘सापळा’ नावाची कथा लिहिली आहे, ढोर ओढायला नकार देणाऱ्या महारांची. अण्णाभाऊ मातंग होते. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढं त्यावर येणार आहे.

त्या काळात शहाणे लोक हिशेब मांडायला लागले. गावात वर्षाला इतकी ढोरं मरतात. कातडं, शिंगं, हाडं, मांस मिळून पाचशे रुपये होतात. हा आंबेडकर गरिबांचं नुकसान करतो. 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा किस्सा सांगितला आहे. त्यांचं उत्तर असं होतं की आमचं नुकसान आम्ही बघून घेऊ. एवढा फायदा असेल तर तुम्ही का करत नाही? तुम्ही करा, मी वरून आणखी पाचशे देतो. दूध तुम्ही प्यायचं आणि मेल्यावर आम्ही उचलायचं, हे कुठलं? तुमची आई मेली तर तुम्हीच उचलता ना? मग गोमातेला का नाही? लोक खो खो हसले असतील. पण एकही जण पाचशे रुपये न्यायला आला नाही.

मला यात दिसतं ते असं. त्यांना आपल्या लोकांच्या ताटात हात घालायचा अधिकार होता, कारण ते ताट त्यांनी स्वतः पाहिलं होतं. 1901 मध्ये ते पोरगं सातारहून आगगाडीनं निघालं, बरोबर भाऊ आणि भाचे. मसूरला उतरून गोरेगावला जायचं होतं. बाप तिथं दुष्काळी कामावर खजिनदार. भुकेनं मरणाऱ्या लोकांना काम म्हणून तळं खणलं जात होतं. रात्री वाटेत जकातीच्या नाक्यावर मुक्काम. पोरांजवळ खायला भरपूर होतं, डबे भरलेले होते. पाणी कुणी दिलं नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून भरल्या डब्यासकट पोरं उपाशी झोपली. त्यांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. मसूर इथून लांब नाही. सातारा-कराड रस्त्यानं जाताना पाटी दिसली तर आठवा.

आता जरा कडू बोलतो. उठून जाऊ नका.

आपण सोडलं. छान केलं. पण सोडल्यावर आपल्यातल्या काहींनी काय केलं? ज्यांनी अजून सोडलं नव्हतं, सोडणं परवडत नव्हतं, त्या मातंग वस्तीकडं बघून आपण नाक धरलं. ढोर भावांना, कैकाडी, मकडवाले, डुकरं पाळणारे, उंदीर-घोरपड खाणारे, सगळ्यांना आपण ‘अजून सुधारले नाहीत’ म्हणालो. मी स्वतः म्हटलंय. मी पंचवीस वर्षांचा होतो, सभेत भाषणं ठोकत होतो आणि एका मातंग मित्राच्या घरी ‘मला भूक नाही’ म्हणून उठलो होतो. त्याच्या आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. काही बोलली नाही. त्या बघण्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बाबासाहेबांनी घाण सोडायला सांगितली होती. वरच्यांचा चष्मा आपण फुकट उचलला. काल रात्री अंधारात जो ‘रानटी’ म्हणाला, त्याच्या डोळ्यावर तोच चष्मा होता. तो वाईट पोरगा नाही. मीही नव्हतो.

आणि मग 2015. मेलेल्याची गोष्ट संपली, आता मारलेल्याची आली. महाराष्ट्रात गाय मारायला 1976 च्या कायद्यानंच बंदी होती. 1995 मध्ये विधिमंडळानं बैल आणि वळूही त्यात घातले, आणि वीस वर्षं पडून राहिलेल्या त्या कायद्याला मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी जाहीर झाली. मारलं तर पाच वर्षं कैद. नुसतं घरात सापडलं तरी गुन्हा, आणि आपण निर्दोष आहोत हे ज्याच्या घरात सापडलं त्यानंच सिद्ध करायचं! मुंबई उच्च न्यायालयानं 6 मे 2016 ला यातली दोन कलमं रद्द केली: राज्याबाहेरून आणलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं, आणि निर्दोषपणाचा भार आरोपीवर टाकणारं. बाकी कायदा उभा आहे.

‘मोठ्याचं’ म्हणजे काय ते इथं सांगायला नको. हमालाच्या, वीटभट्टीवाल्याच्या, झाडूवाल्या बाईच्या ताटातलं रक्त वाढवणारं अन्न. बोकडाचं परवडत नाही म्हणून मोठ्याचं. ते काढून घेताना कुणी विचारलं का, की त्या जागी काय देणार? डाळ? अंडी? आणि खरसुंडीच्या बाजारात खिलार घेणारा माणदेशातला शेतकरी, त्याचा बैल म्हातारा झाला की त्यानं काय करायचं, हेही विचारलं नाही. तो आपल्या जातीचा नाही, तरी विचारा. तो रात्री बैल रस्त्यावर सोडून देतो. तो बैल उकिरड्यावर प्लास्टिक खाऊन मरतो. आणि मग ते मढं उचलायला फोन कुणाला जातो? जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून फोडलं. ती पोरं गावाचंच काम करत होती. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली ढोरं उचलायचं बंद केलं आणि जमीन मागितली. महाडनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, तेच.

तब्येतीची काळजी म्हणून हा कायदा केला, असं कुणी म्हणत असेल तर त्याला गिधाडं दाखवा. कुठं दाखवणार? राहिलीतच किती! आजीच्या गोष्टीत झाडावर बसलेली ती गिधाडं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध टोचायचे. टोचलेलं ढोर मेलं, ते गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद. 1990 नंतर या देशातली गिधाडं शंभरातली पंचाण्णवहून जास्त गेली. कारण 2004 मध्ये कळलं, गुरांसाठीचं ते औषध 2006 मध्ये बंद झालं. मढी कुजत पडली, कुत्री वाढली, पाणी नासलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हिशेब छापला की गिधाडं गेल्यामुळं 2000 ते 2005 या काळात या देशात पाच लाखांच्या वर माणसं जास्त मेली. हाडकीवर आपल्या शेजारी बसून तेच खाणारा पक्षी, आणि आपण तिथून उठल्यावर तो त्या मांसानं मेला. मला रात्री कधीकधी वाटतं, आपण वेळेवर उठलो.

पण खरंच उठलो का? मार्च 2023. इथंच, कृष्णेत. मेलेल्या माशांचा खच पडला होता, सगळ्यांनी पाहिला. मळीचं पाणी नदीत शिरलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, मासा गुदमरून वर येतो. हे पहिल्यांदा झालं नव्हतं. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. मी त्या दिवशी काठावर होतो. वास येत होता. एक बाई पिशवीत मासे भरत होती, बरोबर सात-आठ वर्षांची पोरगी. मी म्हटलं, ‘बाई, खाऊ नका, यात काय असंल सांगता येत नाही.’ ती म्हणाली, ‘दादा, मग तुमी काय देताय?’ आणि भरत राहिली.

म्हणजे ते मेलेलं ढोर आता मासा होऊन आलंय. त्याला येसकर बोलवायला जात नाही, ते पाण्यावर तरंगत आपल्याकडं येतं. फेरोच्या त्या डॉक्टरनं जे सांगितलं ते आपल्याला इथं कुणी सांगितलं? या माशात काय आहे, काठावरच्या भाजीत काय आहे, खालच्या गावांच्या नळात काय येतं? घरात शिरून पातेल्यातलं मांस कोणत्या जनावराचं हे तपासायला सरकारजवळ प्रयोगशाळा आहे. नदीच्या पाण्याचा अहवाल मागितला की कागद हलत नाही.

‘खाऊ नका’ म्हणणाऱ्याला मी आता तीन गोष्टी विचारतो. तू हे कधी खाल्लंस का? याच्या जागी काय देतोस? आणि यात विष कुणी घातलं, त्याचं नाव घेतोस का? बाबासाहेब तिन्हीला उभे राहिले. तायजीचे ते दोन सदस्य दोनाला तरी उभे राहिले. 2015 चा कायदा एकालाही नाही. मीही त्या बाईसमोर दुसऱ्याच प्रश्नाला पडलो, हे कबूल करतो.

कालचा तो सिनेमा पुन्हा लावायचा असेल तर लावा. पण आधी मागच्या स्वयंपाकघरात जा आणि आज आपल्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या दोन मावश्यांना विचारा की त्यांच्या घरी काय शिजतं, कुठून येतं, किती रुपयांना. लाजत विचारू नका, त्याही लाजणार नाहीत.

उद्या सकाळी सात वाजता आयर्विन पुलाखाली जमायचं. काचेच्या स्वच्छ बाटल्या आणा, प्लास्टिकच्या नको. पुलाच्या वर एक, खाली एक आणि नाला मिळतो तिथं एक, असं तीन जागी पाणी भरायचं. बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहायची. दोघांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून आणायचा, गेल्या पाच वर्षांतले पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागणारा. मसुदा माझ्याकडं आहे. कोण लिहितंय, हात वर करा.